प्यादेमात

टेबल नंबर एकवर बत्तीस सोंगट्या होत्या. सोळा पांढऱ्या, सोळा काळ्या. एका काळ्या घोड्याचा कान तुटला होता, पण घोडा घोडाच होता. दोन तोंडांचं एक घड्याळ होतं, त्याच्या डाव्या तोंडाची काच तडकलेली. शिवाय दोन पेन्सिली, पाण्याचे दोन ग्लास आणि एक अ‍ॅशट्रे. खुर्च्या दोन होत्या आणि त्यातली समोरची रिकामी होती.

सुगंधा घाडीने सोंगट्या पुन्हा एकदा मोजल्या. मग तिने पर्सची चेन किंचित उघडून आत बोट घातलं. तेहतिसावी सोंगटी जागेवर होती. सात वर्षांपूर्वीचं, लाकडी, डोक्याला झिजलेलं एक प्यादं.

मरोळ गावठाणातल्या चर्चमागचा हा हॉल एरवी लग्नांसाठी आणि नाताळच्या नाटकांसाठी वापरात असे. स्टेजवर नारळाची झाडं रंगवलेला पडदा अजून तसाच होता, आणि त्याच्यासमोर पहिलं टेबल मांडलं होतं. १९८४चा मे महिना. पंखे डोक्यावर फक्त आवाज करत होते. साठ खेळाडू, नऊ फेऱ्या; जिंकलं तर एक गुण, बरोबरीला अर्धा. पहिल्या फेरीत रेटिंगच्या उतरत्या यादीतला पहिला एकतिसाव्याशी खेळतो, दुसरा बत्तिसाव्याशी, असं खाली. यादीत पहिलं नाव चंद्रप्रकाश सबनीस, रेटिंग तेवीसशे दहा. एकतिसावं नाव सुगंधाचं, अठराशे पंचावन्न. एवढ्या फरकाला रेटिंगचा तक्ता सांगतो की खालच्याने शंभर डावांत सहा गुण मिळवावेत.

आदल्या संध्याकाळी जोड्या लागल्या तेव्हा क्लबातली पोरं तिला म्हणाली होती, "वाट लागली गं तुझी. पहिल्याच फेरीत सबनीस!" सात वर्षं ती याच जोडीची वाट बघत होती.

पंच अर्बनकाकांनी घंटा वाजवली. गावठाणातच जन्मलेला, साठीला आलेला, सांताक्रूझच्या विमानतळावर माल चढवण्या-उतरवण्याच्या खात्यात नोकरी केलेला हा माणूस. हॉलच्या मागे त्यांची भेंडी-वांग्यांची वाडी होती आणि ते पंचाचं काम करायलाही वाडीतल्याच चपला घालून येत. त्यांनी घड्याळ चालू केलं, सुगंधाने पहिली चाल करून ते दाबलं आणि सबनीसची मिनिटं मोजली जाऊ लागली. अजून तो आलाच नव्हता.

तो आला तेव्हा अठरा मिनिटं संपली होती. गोरा, भरलेला, पस्तिशीचा. बँकेत अधिकारी, खेळाडू म्हणून लागलेला. खिशात परदेशी सिगारेटचं पाकीट. खुर्ची ओढत म्हणाला, "सॉरी हं. साकीनाक्याला ट्रक आडवा. तू कुठली?"

"साकीनाक्याचीच."

"मग तुलाच विचारायला हवं, तिथे रोज ट्रक आडवा का असतो." तो मागे बघून हसला. मागे दोघे-तिघे जमले होते, तेही हसले. "शिकतेस?"

"बी.एस्सी. झालं. मरोळला औषधांच्या कारखान्यात आहे, लॅबमध्ये."

"झकास. म्हणजे डाव संपल्यावर डोकेदुखीची गोळी तूच देशील."

"सबनीससाहेब," अर्बनकाका म्हणाले, "गोळी मी पण देतो. तोंड बंद नाही केलं तर."

सुगंधा पांढऱ्या बाजूला होती. तिने पहिली चाल आधीच केली होती. सबनीसने उत्तर दिलं, तिनं दुसरी खेळली. तिचा हात स्थिर होता. दिवसभर लॅबमध्ये ब्युरेटच्या काचनळीतून मोजून थेंब सोडणाऱ्याचा हात असतो तसा.

*

सत्याहत्तर सालचा गणपती. साकीनाक्याच्या मंडळाने पाहुणा बोलावला होता, मुंबईचा उगवता बुद्धिबळपटू सबनीस. तो एकटा पंधरा जणांशी एकाच वेळी खेळणार होता. पंधरा पट ओळीने मांडले. शेवटच्या पटावर दत्ताराम घाडी, सुगंधाचे बाबा. परळच्या गिरणीत कामाला. पण रविवारी सकाळी त्यांच्या खोलीच्या दाराशी घाटकोपरपासून माणसं खेळायला येत. देशी पद्धतीचा खेळ. त्यात प्यादं नेहमी एकच घर चालतं. राजाला अजून शह बसला नसेल तर त्याला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आणि मात कशाने दिली याला मोल असतं. वजिराने दिलेली मात साधी, हत्तीचीही साधीच. सगळ्यात मोठी प्यादेमात. सर्वात लहान शिपायाने राजा मारायचा. प्यादेमात बसलेला माणूस महिनाभर चाळीत मान वर करत नसे.

चौदा वर्षांची सुगंधा बाबांच्या पाठीशी उभी होती. डाव बरोबरीचा चालला होता. इतर पट एकेक करून आवरत होते, बाबांचा टिकून होता. मग बाबांच्या वजिरावर हल्ला आला आणि राजाही अडचणीत. बाबांनी शांतपणे राजा उचलला आणि घोड्यासारखी अडीच घरं उडवून दुसरीकडे ठेवला. चाळीतला कुठलाही माणूस म्हणाला असता, वा दत्ताराम!

सबनीस थांबला. त्याने तो राजा दोन बोटांत उचलून मांडवाला दाखवला. "बघा बघा, ह्यांचा राजा घोड्यावर बसला! कोकणातून वरात निघाली!"

मांडव हसला. गणपतीसमोर बसलेल्या बायकासुद्धा हसल्या.

"ही पद्धत इथे नाही, काका. पण राजाला हात लावलात ना? आता राजाच हलवायचा." बाबांनी राजा एक घर हलवला. वजीर गेला.

तिथवर सगळं नियमाने होतं. सुगंधाने सात वर्षांत शंभरदा विचार करून स्वतःला हे मान्य केलं होतं. पुढचं मात्र नियमाने नव्हतं. सबनीसकडे लगेच मात होती. हत्तीने सरळ, एका चालीची. त्याने दिली नाही. तो उरलेले पट उरकून आला, बाबांच्या समोर स्टूल घेऊन बसला आणि एकेक सोंगटी खात गेला. घोडा, उंट, दुसरा उंट. खाताना प्रत्येकीचं नाव मोठ्याने घेई. शेवटी राजा एकटा राहिला, तेव्हा त्याने एक प्यादं हळूहळू पुढे आणलं. "काका, तुमच्यात प्यादेमात सगळ्यात मोठी ना? मग घ्या. मोठ्या माणसाला मोठी मात."

आणि ते प्यादं उचलून त्याने बाबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकलं. वर थोपटलं. "आठवण म्हणून ठेवा."

त्यानंतर मंडळाच्या त्या संचात एक प्यादं कायम कमी राहिलं. पोरं तिथे सुपारी ठेवून खेळत. बाबांनी त्या रात्री स्वतःचा पट ट्रंकेत घातला. रविवारी माणसं आली, आई जानकीने दारातूनच सांगितलं, "बरे नाहीत." पुढच्या रविवारीही सांगितलं. मग माणसं यायची थांबली. खिशातलं प्यादं धुण्याच्या बादलीत तरंगताना सुगंधाला सापडलं, आणि तिने ते कोणाला परत दिलं नाही.

तिने ठरवलं होतं ते असं: सबनीसला हरवायचं, आणि प्याद्याने हरवायचं. मग हे प्यादं त्याच्या खिशात टाकून वर थोपटायचं. वाक्यसुद्धा तयार होतं. ती घाटकोपरच्या क्लबात जाऊन नव्या नियमांचा खेळ शिकली ती यासाठीच.

*

सबनीसचे डाव ती स्पर्धांच्या बुलेटिनांतून वर्षानुवर्षं खेळून बघत होती. त्याच्यात एक खोड होती. बरोबरीच्या माणसाशी तो जपून खेळे. पण समोरचा कच्चा वाटला की त्याचा वजीर भुकेला होई. फुकट दिसणारं प्यादं सोडवत नसे. बाराव्या चालीला सुगंधाने वजिराच्या बाजूचं एक प्यादं राखणीवाचून ठेवलं. हातून राहून गेल्यासारखं. वर कपाळाला हातही लावला.

सबनीसने घड्याळाकडे पाहिलंही नाही. वजीर आत गेला आणि प्यादं खाल्लं. सिगारेट पेटवून तो दुसऱ्या टेबलांवर काय चाललंय ते बघायला उठून गेला.

परत आला तेव्हा त्याच्या वजिराच्या मागे उंट आला होता. दोन चालींनी घोडा आला. वजिराला बाहेर पडायला घर राहिलं नाही. सबनीस खाली बसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दोन्ही कोपर टेबलावर टेकवून बसला. सिगारेट अ‍ॅशट्रेत आपोआप जळून संपली.

वजिराच्या बदल्यात त्याने एक हत्ती आणि एक प्यादं मिळवलं आणि चिवटपणे लढला. तो उगाच तेवीसशे दहा नव्हता. पुढच्या वीस चालींत त्याने सुगंधाला घाम फोडला, तिचा वेळ खाल्ला, दोनदा तर डाव जवळजवळ परत ओढून नेला. पण शेवटी तिने आपला वजीर देऊन त्याचा एक हत्ती आणि घोडा दोन्ही घेतले, आणि मग त्याचा उरलेला फौजफाटा एकेक करून जाऊ लागला. उंट. दुसरा हत्ती. ती नाव घेत नव्हती मोठ्याने. मनात घेत होती.

टेबलाभोवती आता वीस-पंचवीस माणसं होती. खालचे डाव संपवून आलेले, वाडीतून वांगी तोडून तशीच टोपली घेऊन आलेली अर्बनकाकांची बायको एमिलियासुद्धा.

"संपला की," कोणीतरी पुटपुटलं. "राजीनामा का देत नाही?"

"घड्याळ बघ ना तिचं."

ते खरं होतं. ठरलेल्या चाली पुऱ्या व्हायला अजून सहा चाली होत्या आणि सुगंधाच्या घड्याळाची लाल झेंडी उचलली जाऊ लागली होती; वेळ संपून ती पडली की डाव गेला. सबनीस त्या झेंडीकडे बघत बसला होता. त्याच्याकडे उरला होता एक राजा आणि डाव्या कडेला एक प्यादं. सुगंधाकडे राजा, हत्ती, उंट आणि दोन प्यादी. एक त्या कडेच्या काळ्या प्याद्याच्या वाटेत उभं, दुसरं काळ्या राजाच्या जवळ जाऊन पोचलेलं.

त्यापूर्वी एकदा तिला मात दिसली होती. हत्ती शेवटच्या रांगेत नेला असता तर तिथेच संपलं असतं. तिची नजर हत्तीवर गेली, थांबली, आणि तिने प्यादं पुढे ढकललं. हत्तीने नाही. हत्तीने द्यायला सात वर्षं लागत नाहीत.

सबनीसने डोळे वर केले. घड्याळावरून काढून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

आता काळा राजा कोपऱ्यात होता. सुगंधाने आपला राजा त्याच्यासमोर आणला. तिचं प्यादं त्याच्या शेजारीच उभं होतं. हिशेब साधा होता. हत्तीची मात टाळायला सबनीसला राजा एक घर सरकवावाच लागणार. तो सरकला की उंटाचा शह. तो पुन्हा कोपऱ्यात. मग प्यादं एक घर पुढे. प्यादेमात.

तिने पर्स मांडीवर घेतली आणि चेन उघडली.

सबनीसने राजा सरकवला नाही. त्याने कडेचं प्यादं एक घर पुढे टाकलं आणि घड्याळ दाबलं. ते प्यादं तिच्या प्याद्याला भिडून थांबलं. हत्तीपुढे काळ्या राजाची मान तशीच उघडी होती. हत्ती शेवटच्या रांगेत, आणि मात. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसलं.

सुगंधाच्या हाताला उंट माहीत होता. राजा कोपऱ्यात आहे तो आहेच. उंट त्या तिरप्या रेषेवर ठेवला की पुढची चाल प्याद्याची. तिने उंट उचलला, ठेवला, आणि घड्याळ दाबलं.

सबनीस काही खेळला नाही. त्याने हात छातीशी बांधले.

तिला वाटलं तो राजीनामा देतोय. मग तिने काळ्या राजाभोवतीची घरं पाहिली. एक उंटाने धरलेलं. दोन तिच्या राजाने. काळ्या प्याद्यासमोर तिचं प्यादं. राजाला शह नव्हता. आणि हलायला, त्याला किंवा त्याच्या प्याद्याला, एकही घर नव्हतं.

देशी पद्धतीत याला कोंडी म्हणतात, आणि कोंडी करायला मनाई आहे. ज्याने केली त्याने चाल परत घ्यायची, दुसरी करायची. समोरच्याला मरायला तरी जागा द्यायची. सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत ती त्याच पटावर खेळली होती. बाबा म्हणत, "घी परत, राजाक घर दी," आणि ती हसून चाल परत घेई. नव्या नियमांत कोंडी म्हणजे बरोबरी, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, क्लबात ऐकलं होतं, इतरांच्या डावांत बघितलंही होतं. डोक्याला ते माहीत होतं. हात मात्र कोंडीला भ्यायला कधी शिकलाच नव्हता.

"काका," सबनीस म्हणाला, "स्टेलमेट."

अर्बनकाका वाकले. प्रत्येक घरावर बोट फिरवून त्यांनी पाहिलं. सरळ होताना ते सुगंधाकडे न बघता म्हणाले, "होय. बरोबरी." आणि घड्याळ थांबवलं.

मागे एमिलिया कोणाला तरी म्हणाली, "अगो बाय! हत्ती होता ना तिचा?"

माणसं पांगली. दोघांनी कागदांवर सह्या केल्या. सबनीस सोंगट्या मांडू लागला, उगाचच, हाताला चाळा म्हणून.

"हत्तीने मात होती," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"आधीही होती. तू बघितलीस आणि सोडून दिलीस. तेव्हाच मला कळलं, हिला मात नकोय, दुसरंच काहीतरी हवंय. म्हणून मान पुढे केली. म्हटलं, आताही हत्ती नाही उचलणार." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काय हवं होतं गं तुला?"

सुगंधाने पर्समधून प्यादं काढून पटावर ठेवलं. "साकीनाका. सत्याहत्तरचा गणपती. पंधरा पट. शेवटच्या पटावर माझे बाबा होते. त्यांचा राजा तुम्ही मांडवाला दाखवलात. प्यादेमात दिलीत आणि हे त्यांच्या खिशात टाकलंत. आठवण म्हणून."

सबनीसने प्यादं उचललं. फिरवलं. तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता, आणि हे तिला दिसत होतं. नाटक असतं तर बरं झालं असतं.

"गणपतीत मी रोज एका मंडळात खेळायचो गं तेव्हा," तो म्हणाला. "दोन-दोन मंडळांत. लोकांना हसवावं लागायचं, नाहीतर पुढच्या वर्षी बोलवत नसत." मग जरा थांबून, "नाव काय म्हणालीस?"

"दत्ताराम घाडी."

"नाही आठवत." त्याने प्यादं तिच्यासमोर परत ठेवलं. "जुनं लाकूड आहे. शिसवी?"

ती उठली. प्यादं त्याच्या खिशात टाकायला तिचा हात पुढे झालाच नाही. बरोबरी झालेल्या माणसाच्या खिशात कोणी काही टाकत नाही.

*

घरी बाबा दाराशी बसून पान लावत होते. गिरणीचा संप झाल्यापासून ते साकीनाक्यालाच एका वर्कशॉपमध्ये जात. नखांत ग्रीसची काळी रेघ कायमची.

"काय झाला?" त्यांनी विचारलं.

"बरोबरी."

"कोणाबरोबर?"

"सबनीस."

बाबांनी पान खाली ठेवलं. आत आई भाकरी थापत होती, तो आवाजही थांबला. बाबा उठले, खाटेखालून ट्रंक ओढली आणि तळाशी हात घालून पट बाहेर काढला. कापडात बांधलेला. सात वर्षांत पहिल्यांदा. "मांड," ते म्हणाले.

तिने शेवटची स्थिती मांडली. राजाजवळचं पांढरं प्यादं म्हणून तिने पर्समधलं प्यादं ठेवलं. बाबांनी ते लगेच ओळखलं, त्याच्या झिजलेल्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग पटावर वाकले.

"हत्तीन मात होती मां?"

"होती."

"मगे?"

तिने त्या प्याद्यावर बोट ठेवलं. "ह्याने द्यायची होती."

"गाढव गो तू," बाबा म्हणाले. पण आवाज कडक नव्हता. त्यांनी तिचा उंट उचलून पूर्वीच्या घरात परत ठेवला. "कोंडी केलंस. आपल्यात कोंडी चलना नाय. चाल परत घी, दुसरी कर."

तिने हत्ती उचलला. शेवटच्या रांगेत ठेवला.

"मात," बाबा म्हणाले आणि काळा राजा स्वतःच्या हाताने आडवा केला. मग पानाचा देठ खुडत त्यांनी विचारलं, "तो काय म्हणालो?"

"त्याला तुम्ही आठवत नाही, बाबा."

बाबांनी पान तोंडात घातलं. सावकाश चावलं. आईने लेकीसाठी आतून, "चेडवाक जेवूक तरी द्या," म्हटलं. मग पटावरच्या आडव्या राजाकडे बघत म्हणाले, "माका तो आठवता. तेवढा पुरे."

*

उरलेल्या आठ फेऱ्यांत सबनीस एकही डाव हरला नाही. पाच जिंकला, तीन बरोबरीत सोडवले. सुगंधा तीन हरली. नवव्या फेरीनंतर अर्बनकाकांनी निकालाचा कागद हॉलच्या दाराला चिकटवला. एक कोपरा चिकटत नव्हता, तिथे एमिलियाने पीठ लावलं. पहिल्या आलेल्याला ढाल होती, गुण सारखे झाले तर वरच्या रेटिंगवाल्याला, आणि त्याच्या नावापुढे राष्ट्रीय स्पर्धेची थेट जागा.

सुगंधाने कागद वरून खाली वाचला.

एक: भीमराज शेट्टी, घाटकोपर. साडेसात गुण.

दोन: चंद्रप्रकाश सबनीस. साडेसातला अर्धा कमी, सात.